चार हजार फॉलोअर, तीस लाइक आणि शुकशुकाट

प्रश्न: मी हाताने शिवलेल्या वह्या आणि स्केचबुकं बनवून विकते. इन्स्टाग्रामवर ४,२०० फॉलोअर आहेत. रोज न चुकता एक फोटो टाकते, तरी २५-३० लाइक मिळतात, तेही ठरलेल्या लोकांचे. खाली दोन-तीन जण 'खूप छान', 'सुंदर' लिहितात. गेल्या वर्षी 'तीन मैत्रिणींना टॅग करा आणि वही जिंका' अशी स्पर्धा घेतली. हजारभर फॉलोअर वाढले, पण त्यानंतर पोस्ट आधीपेक्षाही कमी लोकांना दिसायला लागल्या. व्हॉट्सॲपवर ग्राहकांचा ग्रुप केला होता, त्यातून दर आठवड्याला कुणी ना कुणी बाहेर पडतं. आता दिवसाला दोन पोस्ट टाकू का? पुन्हा स्पर्धा घेऊ? की पैसे देऊन पोस्ट बूस्ट करू?

उत्तर: पहिल्या दोन प्रश्नांना सरळ 'नको'. बूस्टबद्दल 'इतक्यात नको', त्याची कारणं शेवटी येतील.

आधी तुमचा हिशेब दुरुस्त करू. ४,२०० फॉलोअरमागे ३० लाइक असं गणित मांडलं की कुणीही खचेल, पण तुमची प्रत्येक पोस्ट ४,२०० लोकांसमोर जातच नाही. वेळेच्या क्रमाने पोस्ट दाखवण्याची पद्धत इन्स्टाग्रामने २०१६ साली बदलली. तेव्हापासून कुणाला काय दाखवायचं ते त्या माणसाच्या सवयींवरून ठरतं. म्हणून भागाकार फॉलोअरने करायचा नाही, 'रीच'ने करायचा. पोस्ट किती वेगवेगळ्या खात्यांना दिसली तो आकडा म्हणजे रीच. इन्साइट्समध्ये, म्हणजे ॲपमधल्या आकडेवारीच्या पानावर, हल्ली 'व्ह्यूज' ठळक दिसतात, त्यांच्यावर जाऊ नका. एकाच माणसाने तीनदा पाहिलं तरी ते तीन व्ह्यूज होतात.

शेवटच्या बारा पोस्ट उघडा आणि प्रत्येकीचा रीच, लाइक, कमेंट, सेव्ह आणि शेअर कागदावर मांडा. (खातं अजून साधं असेल तर आधी ते प्रोफेशनल करून घ्या. इन्साइट्स त्यानंतरच मिळतात.) समजा एका पोस्टचा रीच ३५० आहे आणि २८ लाइक, ३ कमेंट, ६ सेव्ह, २ शेअर मिळून ३९ प्रतिसाद आले. म्हणजे पाहणाऱ्या दर शंभर जणांमागे अकरा प्रतिसाद आले. हे अजिबात वाईट नाही. इथे माल आवडतोय, पण पोस्ट पोचत नाहीये. हेच ३९ प्रतिसाद २,००० च्या रीचवर आले असते तर शंभरात जेमतेम दोन, म्हणजे पोस्ट दिसतेय पण कुणी थांबत नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. तुमच्या पत्रावरून पहिलं दुखणं वाटतं, तरी आकडे मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पोस्ट पोचत का नाहीत याचं मोठं कारण ती स्पर्धाच असणार. हजार लोक वहीसाठी नाही, फुकटासाठी आले. त्यातल्या बऱ्याच जणांना कागद, शिलाई, चित्रकला यातलं काहीच नको आहे. आता तुमची नवी पोस्ट त्यांच्यासमोर येते तेव्हा ते अंगठ्याने ती सरकवून पुढे जातात, आणि 'या पोस्टवर लोक थांबत नाहीत' हाच निरोप यंत्रणेकडे जातो. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये रीच ठरवणाऱ्या तीन मुख्य गोष्टी सांगितल्या होत्या: किती वेळ पाहिलं, पाहणाऱ्यांपैकी किती जणांनी लाइक केलं, आणि किती जणांनी ती दुसऱ्याला पाठवली. आपल्याच फॉलोअरपर्यंत पोचायला लाइक थोडे जास्त उपयोगी, तर नव्या लोकांपर्यंत पोचायला पाठवणं जास्त उपयोगी. तुमचे हजार पाहुणे यातलं काहीच करत नाहीत. शिवाय 'मित्रांना टॅग करा', 'शेअर करा' अशा आग्रहाच्या पोस्ट खाली ढकलायला इन्स्टाग्रामच्याच मालक कंपनीच्या, म्हणजे मेटाच्या, फेसबुकने डिसेंबर २०१७ पासूनच सुरुवात केली आहे, आणि 'स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर केलंत तरच भाग घेता येईल' ही अट तर त्यांच्या नियमातच बसत नाही.

त्या हजारांचं काय करायचं? फॉलोअरच्या यादीत जाऊन, ज्या खात्यांवर स्पर्धांशिवाय काहीच नाही अशी रोज पंधरा-वीस हाताने काढून टाका. त्यांना सूचना जात नाही. एका क्लिकमध्ये सगळे काढून देणाऱ्या बाहेरच्या ॲपला मात्र पासवर्ड देऊ नका, त्यात खातंच जातं. फॉलोअरचा आकडा ३,४०० वर आला तर मनाला लागेल, धंद्याला लागणार नाही.

आणि ते 'खूप छान' लिहिणारे कोण आहेत, एकदा बघा. बहुतेक तुमच्यासारखेच विक्रेते निघतील: मी तुमच्या पोस्टवर लिहिते, तुम्ही माझ्या. ओळखी म्हणून ते ठीक, पण त्यातून पोस्ट विक्रेत्यांच्याच वर्तुळात फिरत राहते. कमेंटच्या देवाणघेवाणीचा एखादा ग्रुप असेल तर त्यातून निघा.

आता रोजच्या फोटोकडे. वहीचं मुखपृष्ठ, बाजूला पेन, खाली 'नवीन स्टॉक उपलब्ध'. हे पाहून माणूस काय बोलणार? 'छान' याशिवाय बोलण्यासारखं त्यात काही नसतंच. वही विकत घेणाऱ्याच्या मनात मात्र ठोस प्रश्न असतात. शाई मागच्या पानावर उमटते का? वही सपाट उघडते का? जलरंग चालतील का? हे प्रश्न तुमच्या इनबॉक्समध्ये आधीच पडून आहेत. मागच्या सहा महिन्यांचे मेसेज चाळा, जो प्रश्न तीन वेळा आलाय ती तुमची पोस्ट.

उदाहरण म्हणून शाईचाच प्रश्न घ्या. ८०, १०० आणि १२० जीएसएमचे (म्हणजे दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचे) तीन कागद, एकच फाउंटन पेन, तेच एक वाक्य. तीनही कागदांवर लिहायचं, अर्धं मिनिट थांबायचं, पान उलटायचं. वर एक ओळ सांगा: जाड कागदामागून अक्षर कमी दिसतं, पण शाई फुटणं जाडीपेक्षा कागदाला दिलेल्या लेपावर जास्त अवलंबून असतं, म्हणून कधीकधी पातळ कागद जाड कागदाला हरवतो. ही माहिती फाउंटन पेन वापरणारा माणूस सेव्ह करतो आणि दुसऱ्या पेनवेड्याला पाठवतो. नुसत्या मुखपृष्ठाचा फोटो कुणी कुणाला पाठवत नाही. नवी पोस्ट टाकण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: ही कोण, कुणाला आणि का पाठवेल? उत्तर सुचत नसेल तर ती स्टोरीत टाका, पोस्ट करू नका.

रीलमध्ये पहिले दोन सेकंद महत्त्वाचे. तिथे लोगो किंवा 'नमस्कार मंडळी' नको. उलटलेलं पान, त्यावर फुटलेली शाई, तिथूनच सुरू करा आणि कारण नंतर सांगा. पडद्यावरचा मजकूर मधल्या पट्ट्यात ठेवा, कारण वर-खाली आणि उजवीकडे ॲपची बटणं येतात. व्हिडिओ उभा, ९:१६ प्रमाणाचा असला तरी जानेवारी २०२५ पासून प्रोफाइलवर चौकट ३:४ ची झाली आहे, तेव्हा कव्हरवरचं शीर्षक त्यात कापलं जात नाही ना हे बघा. आवाज बंद ठेवून पाहणारे भरपूर असतात, म्हणून बोललेलं खाली अक्षरांतही द्या. गाण्यांच्या बाबतीत बिझनेस खात्याला गाजलेली बरीच गाणी मिळत नाहीत, कारण व्यापारी वापराचा परवाना वेगळा असतो. परवाना चुकवण्यासाठी खातं बदलत बसू नका. मेण लावलेला दोरा भोकातून ओढला जातानाचा आवाज तुमच्याकडे आहे, तो कुठल्याही गाण्यापेक्षा चांगला.

एकाच पोस्टमध्ये अनेक फोटो द्यायचे तर ऑगस्ट २०२४ पासून २० पर्यंत देता येतात, पण सहा-आठ पुरे. पहिला फोटो पाहून जो पुढे गेला त्याला इन्स्टाग्राम तीच पोस्ट पुन्हा दाखवताना कधी दुसऱ्या फोटोपासून दाखवतं, म्हणून दुसरा फोटो एकटा पाहिला तरी कळला पाहिजे. कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण उघडण्याआधी जेमतेम दीड-दोन ओळी दिसतात. मुद्दा त्यात यायला हवा. हॅशटॅगवर डोकं शिणवू नका. विषयाशी जुळणारे तीन-चार पुरे, त्यापेक्षा कॅप्शनमध्येच 'जलरंगासाठी स्केचबुक' असे लोक शोधतात ते शब्द साधेपणाने येऊ द्या.

प्रश्न विचारायचीही एक रीत आहे. 'कशी वाटली?' हा प्रश्न नव्हे, कौतुकाची मागणी आहे. उत्तर द्यायला दोन सेकंद लागावेत आणि त्या उत्तराने खरोखर काहीतरी बदलावं, असा प्रश्न हवा. स्टोरीवर पोल लावा: पुढच्या वहीत ठिपक्यांचा कागद की कोरा? स्टोरी २४ तासांत जाते, तेवढ्यात ठिपके निवडणाऱ्यांची नावं टिपून ठेवा. मग खरोखर ठिपक्यांची वही करा, शिवताना दाखवा, आणि तयार झाल्यावर त्या लोकांना एकेकाला लिहा: 'तुम्ही ठिपके निवडले होते, झाली तयार.' एकाला लिहिलेलं वाक्य कॉपी करून चाळीस जणांना एका दमात पाठवू नका, यंत्रणा त्याला स्पॅम समजते आणि माणसंही. पोल घेऊन निकाल गुंडाळून ठेवला तर पुढच्या पोलला निम्मेच लोक येतील.

सगळ्यात जास्त वेळ मात्र उत्तरांना द्या. तुमच्या पत्रात रोजच्या पोस्टचा उल्लेख आहे, पण आलेल्या कमेंटला तुम्ही काय लिहिता त्याबद्दल अवाक्षर नाही, आणि आमच्या मते खरी गळती तिथेच आहे. आठवड्याला सोशल मीडियासाठी पाच तास काढत असाल तर निदान दोन तास उत्तरांचे धरा. पोस्ट टाकल्यानंतरचा पाऊण-एक तास मोकळा ठेवा. पोस्ट टाकून प्रवासाला निघायचं असेल तर ती दुसऱ्या दिवशी टाका. उत्तर नुसत्या हात जोडल्याच्या इमोजीने संपवू नका, कारण तिथेच बोलणं मिटतं. कुणी 'मस्त' लिहिलं तर 'तुम्ही लिहायला वापरता की चित्रांना?' असं विचारा. त्या एका ओळीने कमेंट दोनाच्या चार होतात हा लहान फायदा. मोठा फायदा म्हणजे तो माणूस शाईने लिहितो की रंगवतो हे तुम्हाला कळतं आणि पुढच्या वेळी त्याला कुठली वही दाखवायची ते ठरतं. एखादा प्रश्न चांगला असेल तर त्याला रीलनेच उत्तर द्या, कमेंट चिकटवून रील करण्याची सोय ॲपमध्ये आहे. इनबॉक्समधला 'मेसेज रिक्वेस्ट'चा कप्पाही दिवसातून एकदा उघडा. अनोळखी नवे ग्राहक तिथेच अडकून पडलेले असतात.

इथे एक चीड व्यक्त करू द्या. 'किंमत इनबॉक्समध्ये' हे बंद करा. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाने 'कितीला?' विचारावं आणि दुकानदाराने 'कानात सांगतो' म्हणावं, तसला प्रकार आहे हा. याने मेसेज वाढतात हे खरं, पण किंमत विचारण्यात संकोच वाटणारे मुकाट निघून जातात आणि तुमचा वेळ तोच आकडा शंभर वेळा टाइप करण्यात जातो. किंमत, आकार, पानांची संख्या आणि पोचायला लागणारे दिवस कॅप्शनमध्येच लिहा.

कुणी जाहीर तक्रार केली, म्हणजे शिलाई उसवली किंवा पार्सलमध्ये कोपरा दुमडला, तर कमेंट उडवू नका. त्याच दिवशी तिथेच एका वाक्यात 'वही बदलून देतो, पत्ता इनबॉक्समध्ये पाठवा' लिहा, आणि काम झाल्यावर परत येऊन तिथेच 'नवी वही पाठवली' असं लिहा. ही दुसरी पायरी बहुतेक जण विसरतात. पाहणाऱ्याला फक्त तक्रार दिसते, निवारण दिसत नाही. शिवीगाळ करणारे शब्द मात्र सेटिंग्जमधल्या फिल्टरने लपवून टाका, त्यावर वाद घालू नका.

किती पोस्ट? आठवड्याला तीन, आणि चार-पाच दिवस स्टोरी. महिन्याच्या बारा पोस्टची वाटणी साधारण अशी: पाच वापराच्या माहितीच्या, तीन कामाच्या, म्हणजे कापणं, शिवणं आणि बिघडलेला नमुनाही, दोन ग्राहकांनी भरलेल्या वह्यांच्या, आणि दोन निव्वळ विक्रीच्या. ग्राहकाचा फोटो लावताना परवानगी आणि नावाचा उल्लेख दोन्ही लागतात, आणि वहीत खाजगी मजकूर दिसत नाही ना हे वाकून बघा. विक्रीच्या पोस्टमध्ये आडवळण नको: काय आहे, किती नग आहेत, केवढ्याला, कधीपर्यंत, कसं मागवायचं. 'फक्त पाचच शिल्लक' हे पाचच असतील तरच लिहा. पंधरवड्यातून एकदा दोन-तीन तास काढून एकदम चित्रीकरण करा आणि ॲपमधूनच तारखा लावून ठेवा. ७५ दिवस पुढपर्यंत लावता येतात. तीन पोस्ट प्रोफाइलच्या माथ्यावर पिन करता येतात: एक कागदाची तुलना, एक मागवण्याची पद्धत, एक ग्राहकांचे अनुभव. नवा माणूस आधी तेच बघतो.

व्हॉट्सॲपचा ग्रुप बंद करा. तिथे प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आणि एकाने 'सुप्रभात' टाकलं की सगळ्यांचे फोन वाजतात. लोक वह्यांना कंटाळून बाहेर पडत नाहीत, या गोंगाटाला कंटाळतात. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. एका लिस्टमध्ये २५६ पर्यंत नंबर बसतात, निरोप प्रत्येकाला वेगळा जातो आणि उत्तर फक्त तुम्हाला येतं. अडचण एकच, आणि ती बहुतेकांना माहीत नसते: ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही. म्हणून पार्सलमध्ये क्यूआर कोडची छोटी चिठ्ठी घाला: 'नवे कागद आले की आधी कळवू, नंबर सेव्ह करा आणि "वही" असा मेसेज पाठवा.' त्यात परवानगीही आली. महिन्यातून दोनच निरोप पाठवा, आणि 'नको' म्हणणाऱ्याला त्याच क्षणी काढा. बिझनेस ॲपमधली लेबलं वापरून लेखक, चित्रकार आणि भेट देणारे असे तीन गट केलेत तर चित्रकाराला डायरीचा निरोप जाणार नाही.

ही यादी एका साध्या तक्त्यातही उतरवून ठेवा: नाव, नंबर, काय घेतलं, कधी. इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर तुमच्या मालकीचे नाहीत, खातं लॉक झालं की सगळे गेले. टू-फॅक्टर, म्हणजे लॉगिन करताना पासवर्डसोबत दुसरा कोडही मागणारी सोय, आजच सुरू करा. 'तुमच्या खात्यावर कॉपीराइटची तक्रार आहे, २४ तासांत या लिंकवर जा' असे मेसेज इनबॉक्समध्ये येतील. मेटा अशा सूचना इनबॉक्समध्ये पाठवत नाही, ते भामटे असतात.

हे सगळं आठ आठवडे चालवा आणि मध्येच पद्धत बदलू नका. दर रविवारी चार आकडे लिहा: सरासरी रीच, सेव्ह, पाठवणं, आणि नव्या माणसांशी झालेली इनबॉक्समधली संभाषणं. ऑर्डर घेताना 'कुठे पाहिलंत?' हा प्रश्नही विचारत जा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रीच आणखी घसरू शकतो, कारण पोस्ट कमी झालेल्या असतात. त्याने घाबरून रोजच्या पोस्टवर परत जाऊ नका. आठ आठवड्यांनीही सेव्ह आणि पाठवणं हललं नाही तर मात्र विषय चुकताहेत असं समजा आणि इनबॉक्समधले प्रश्न पुन्हा चाळा.

आता बूस्ट. थंड पडलेल्या पोस्टवर पैसे घालणं हा सर्रास केला जाणारा प्रकार आहे आणि पैसे वाया जातात ते तिथेच. आठ आठवड्यांत जी पोस्ट आपोआप सगळ्यांत जास्त पाठवली गेली तीच निवडा. उद्दिष्ट विचारलं जाईल तेव्हा 'प्रोफाइल भेटी' सोडून 'मेसेज' घ्या, कारण तुमची विक्री इनबॉक्समध्ये होते. लोक निवडताना 'सर्वांना' ठेवू नका. चित्रकला, फाउंटन पेन, कॅलिग्राफी अशा दोन-तीन आवडी आणि तुम्ही जिथपर्यंत पार्सल पाठवता तेवढाच प्रदेश ठेवा. रक्कम लहान ठेवून पाच-सात दिवस चालवा, आणि त्या काळात उत्तर द्यायला मोकळ्या राहा, नाहीतर मेसेज येऊन शिळे होतील. आयफोनच्या ॲपमधून बूस्ट केलं तर २०२४ पासून ॲपलचं ३० टक्के शुल्क वर लागतं. ब्राउझरमधून तेच केलं तर ते वाचतं. संपल्यावर एकूण खर्चाला आलेल्या खऱ्या ऑर्डरींनी भागा. तो आकडा एका वहीवरच्या तुमच्या नफ्यापेक्षा जास्त असेल तर बूस्ट थांबवा, लाइक कितीही आलेले असोत.